बॅक आडनावाची फाईल

गडचिरोलीच्या त्या कचेरीत कॉम्प्युटर आला तेव्हा आधी त्याच्यासाठी खोली थंड करण्यात आली, आणि मग माणसांना बाहेर चपला काढायला सांगण्यात आलं. साहेबाच्या खोलीत पंखा कुरकुरत फिरायचा, पण मशीनला मात्र गार हवा. त्या हवेत बसायचा मान दोघांना होता, हरिदास रामटेके आणि देवाजी गुरनुले. दोघंही नागपूरला पंधरा दिवस शिकून आले होते आणि त्या पंधरा दिवसांवर त्यांनी दीड वर्ष कचेरी चालवली होती.

आता खोलीत हरिदास एकटाच होता. देवाजीला मेंदूचा मलेरिया झाला. गुरुवारी दुपारी थंडी वाजून आली, शुक्रवारी शुद्ध हरपली आणि रविवारी तो गेला. त्याला सव्वा महिना झाला होता.

दिवाळीआधीच्या एका दुपारी देवाजीची बायको दारात येऊन उभी राहिली. धानोऱ्याच्या पलीकडच्या गावाहून दोन एसट्या बदलून आली होती. हरिदासनं तिला अंत्यविधीला पाहिलं होतं, तेवढीच ओळख. तिनं चपला काढल्या, पदर सावरला आणि स्टुलाच्या कडेवर बसली.

"लहानू सांगत होता," ती म्हणाली. लहानू म्हणजे कचेरीतला शिपाई. "यायनं माह्या नावाची चिठ्ठी लिहून ठेवली म्हने, तुमच्या मशिनीत. छापाची शाई संपली होती म्हनून राहून गेली. खरं हाय का भाऊ?"

"मले काई बोलला नाई तो, वैनी."

"पाहून द्या ना."

मग ती थांबत थांबत बोलली. देवाजी तिला गडचिरोलीला राहायला ये म्हणत होता, आणि ती घर-शेती सोडायला तयार नव्हती. पोळ्याच्या दिवशी चार माणसांत तिनं त्याला म्हटलं, तुम्ही त्या मशिनीच्या डब्याचेच नवरे व्हा. तो जेवता जेवता उठला, सायकल काढून निघून गेला. त्यानंतर तीन शनिवार तो गावी आलाच नाही. ती दवाखान्यात पोचली तेव्हा तो कोणाला ओळखत नव्हता.

"यायचा राग गेला होता का नाई, एवढंच मले पाह्यजे," ती म्हणाली. "सासूबाई काई बोलत नाई. पण मले रातभर तेच मनात येते."

हरिदासनं फ्लॉप्यांचा डबा पुढं ओढला. तिचं दुःख मोठं होतं आणि काम लहान होतं, म्हणून त्याला बरंच वाटलं. फाईल शोधायची, वाचून दाखवायची. एवढं तर त्याला येत होतं.

"तुमचं नाव काय, वैनी?"

"मनकर्णा."

तिसऱ्या फ्लॉपीत ते नाव सापडलं. इंग्रजी अक्षरांत, बरोबर आठ अक्षरांचं. मशीन आठच अक्षरं घेतं, त्यामुळे देवाजीला बायकोचं नाव तोडावं लागलं नव्हतं. पण नावापुढच्या ठिपक्यानंतर तीन अक्षरं होती, बी, ए, के. बॅक. ती पाहून हरिदासचा हात थांबला.

नागपूरच्या मास्तरानं शिकवलं होतं, ठिपक्याआधी फाईलचं नाव, ठिपक्यानंतर आडनाव. आडनाव पाहायचं, म्हणजे ती कोणत्या घरची ते कळतं आणि कोणत्या प्रोग्रामातून उघडायची तेही कळतं. सगळा वर्ग हसला होता, हरिदास सोडून. आलापल्लीला पहिली नेमणूक झाली तेव्हा तो खोली शोधत होता. घरमालक त्याचं नाव ऐकून हसून बोलायचे, मग आडनाव विचारायचे, आणि मग खोली आधीच दिलेली निघायची. अशी सात घरं त्याला अजून दारांच्या रंगासकट आठवतात.

बॅक हे आडनाव कोणी माणूस देत नाही, मशीनच देतं. लिहून ठेवलेला मजकूर पुन्हा उघडला, बदलला आणि साठवला, की बदललेला मजकूर मूळ नावानं राहतो आणि आधीचा मजकूर बॅक होऊन मागे पडतो. म्हणजे ही चिठ्ठी देवाजीनं दोनदा लिहिली होती. समोर होती ती पहिली. मग दुसरी कुठं गेली?

त्यानं डबा उलटापालटा केला. नंतर उठून कपाटातली वही काढली. फ्लॉपी साफ केली की काय काय पुसलं ते या वहीत लिहायचं, हा मुख्य बाबू वामनरावांचा नियम. नागपूरहून नव्या फ्लॉप्या येत नव्हत्या आणि तेंदूपत्त्याच्या याद्या चढवायच्या होत्या. वामनराव म्हणाले होते, देवाजीचं सामान तपासा, कामाचं तेवढं ठेवा. हरिदासनं एका शनिवारी बसून ते केलं होतं. मास्तरानं शिकवलेली पाच-सहा आडनावं त्यानं ठेवली. बॅकला हात लावायचा नाही असं मास्तरानं बजावलं होतं, म्हणून तीही ठेवली. ज्यांचं आडनाव ओळखीचं नव्हतं त्या फायली उघडूनही न पाहता पुसल्या.

वहीत एकोणिसाव्या ओळीवर त्याचंच अक्षर होतं. नाव मनकर्णा, आडनाव जी, एच, आर. पुसली.

घर. त्या बावळटानं चिठ्ठीला घर असं आडनाव दिलं होतं. लिहायच्या प्रोग्रामला आडनाव कोणतंही चालतं, हे हरिदासला चांगलं ठाऊक होतं. पण त्या दिवशी त्यानं आडनाव पाहिलं आणि दार लावून घेतलं. सात दारांवरून परतलेल्या त्यानं हे करावं, दुसऱ्या कोणी नाही. पुसलेल्या जागेवर केव्हाच तेंदूपत्त्याची यादी चढली होती, तिथून आता काही निघणार नव्हतं.

"सापडली का?" मनकर्णानं विचारलं.

"थांबा थोडं."

बॅकची फाईल प्रोग्राम सरळ उघडत नाही, नकार देतो. त्यानं तिची नक्कल केली, नकलेला ओळखीचं आडनाव दिलं आणि उघडली. हिरवी अक्षरं पडद्यावर आली. भाषा आपली, अक्षरं इंग्रजी. त्यानं मनात वाचलं. त्यात राग गेल्याचा एक शब्दही नव्हता.

मनकर्णा पडद्याकडे पाहत होती. सातवी झाली होती, मराठी चांगलं वाचायची, पण ही अक्षरं तिच्या उपयोगाची नव्हती. तो जे बोलेल तेच देवाजीचं होणार होतं. राग गेला, शनिवारी येतो, असं चार ओळींत सांगितलं असतं तर ती रडून मोकळी झाली असती आणि पाचची एसटी धरून गेली असती. कोण तपासणार होतं? आणि काय सांगावं, दुसऱ्या चिठ्ठीत तेच लिहिलेलं असेल. हरिदासनं तोंड उघडलंसुद्धा. पण तिच्या नवऱ्याचे शब्द त्यानं एकदा पुसले होते, आता त्या जागी स्वतःचे घालायची त्याला लाज वाटली.

"वैनी, यायनं दोन चिठ्ठ्या लिहिल्या होत्या," तो म्हणाला. "दुसरी मी पुसली. न वाचता. चूक माही हाय."

तिनं पडद्यावरून नजर काढून त्याच्याकडे पाहिलं.

"पह्यली हाय. ते रागाची हाय. वाचू?"

"वाचा."

त्यानं वाचलं. मनकर्णा, तुले यायचं नसन तर नको येऊ. मी आता शनिवारी येनार नाई. चार मानसांत तू मले डब्याचा नवरा म्हनलं, ते मले लागलं. माह्या कपड्याची पेटी अना सायकलीचा पंप लहानूच्या हातानं धाडून दे. तू तुह्या घरी राह्य, मी माह्या.

तिनं डोळे मिटले. मग तिनं विचारलं, "हे कोनत्या दिवशी लिहिलं?"

मशीनवर कोण केव्हा बसलं याचं एक रजिस्टर होतं, सही केल्याशिवाय बसायचं नाही असं. हरिदासनं ते उघडलं. मंगळवारी साडेदहा ते दहा पन्नास, देवाजी. कामाच्या रकान्यात, घरचं.

"मंगळवारी. वीस मिनिटं बसला."

"अना दुसरी?"

त्यानं बोट खाली नेलं. गुरुवारी चार ते पाच वीस, देवाजी. काम, घरचं. सही वाकडी झाली होती, रकान्याबाहेर गेली होती.

"गुरुवारी. एक तास वीस मिनिटं."

"गुरुवारी तं ताप होता."

"हो. दुपारपासून होता. घरी जा म्हनून मीच म्हनलं होतं. थोडं काम हाय म्हने."

मनकर्णानं रजिस्टर स्वतःकडे ओढलं. ते मराठीत होतं, ते तिला वाचता आलं. तिनं वाकड्या सहीवर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं. हरिदास समोर हात बांधून उभा होता.

"तुम्ही पुसाले नोतं पाह्यजे, भाऊ," ती म्हणाली.

"हो."

"त्यात काय होतं ते मले आता कदीच समजनार नाई."

"नाई समजनार, वैनी."

तिनं डोळे पुसले. आवाज मात्र धरून ठेवला. "पेटी अना पंप मांगाले यायले वीस मिनिटं लागले," ती म्हणाली, "ताप असून तासावर वीस मिनिटं बसले, तं पंपासाठी नाई बसले." मग रजिस्टर न सोडताच तिनं पडद्याकडे मान वळवली. "हे पुन्हा वाचा. रागाचंच वाचा. माहं नाव हाय ना त्याच्यात."

हरिदास खुर्चीवर बसला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचू लागला.