खाजेचा खांब

मी सागाचा खांब बोलतोय. आर्णीच्या पुढे शेतं संपतात आणि जंगल सुरू होतं, तिथल्या एका धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मी तीन वर्षं उभा होतो. एका बाजूला तूर, दुसऱ्या बाजूला नाला आणि नाल्यापलीकडे माझे भाऊबंद, अजून मुळांवर उभे असलेले.

जंगलाच्या विरळणीत माझ्यावर कुऱ्हाड पडली. लाकडाच्या डेपोत सहा महिने उन्हापावसात पडून राहिलो. मग रत्नप्रभाबाईंनी मला आणि आणखी अकरा जणांना विकत घेतलं. पंचायत समितीच्या कचेरीत उभी हयात फायली हाताळलेली ही बाई. निवृत्त झाल्यावर घरी बसतील असं सगळ्यांना वाटत होतं, तर त्यांनी सासऱ्यांची पडीक जमीन वहितीखाली आणली. काटेरी तार ताणायला आम्ही बारा खांब. मी कोपऱ्यातला, म्हणून सगळ्यांत जास्त ताण माझ्यावर.

बाई रोज सकाळी स्कुटीवर यायच्या. थर्मासमधला चहा झाकणात ओतायच्या आणि मला पाठ टेकून प्यायच्या. मला ते आवडायचं. झाड होतो तेव्हा अंगावर पाखरं बसायची. खांब झाल्यावर आपल्याला मुद्दाम टेकायला कोणी येतं, हे काही कमी नव्हतं.

तिसऱ्या पावसाळ्यात माझ्या बुडाला उधई, म्हणजे वाळवी लागली. बाईंनी फिरोजला दाखवलं. फिरोज आर्णीचा मेकॅनिक, बाईंच्या स्कुटीचा डॉक्टर.

"टेंशन कायले घेता काकू," तो म्हणाला. "गॅरेजातलं जळकं ऑइल आणून देतो. एक हात मारला का उधई जवळ फिरकणार नाही."

त्यानं स्वतः येऊन फडक्यानं मला बुडापासून कमरेपर्यंत काळं केलं. उधई खरंच गेली. फिरोजनं मनापासून केलेलं काम होतं ते. पुढं जे झालं त्याचा दोष मी त्याला देत नाही.

दिवाळीच्या सुमारास, एका संध्याकाळी, रानडुकराची मादी नाल्यातून वर आली. मागं आठ पिल्लं, पाठीवर पट्टे असलेली. तिनं ऑइलचा वास घेतला आणि कूस माझ्यावर घासायला लागली. तार करकरली. तिच्या अंगावरच्या गोचिड्या गळून पडल्या असतील, कारण जाताना ती डोळे मिटून क्षणभर नुसती उभी राहिली. पिल्लांनीही आईचं पाहून अंग घासलं. मला वाटलं, चला, आपला जंगलालाही उपयोग झाला.

आठवड्यानं टेकडीपलीकडून एक नर आला. तो लांबूनच वेगळा दिसत होता. कानांवर राखाडी खपल्या, मानेवरची कातडी जाड, भेगाळलेली, केस झडलेले. तो घासायला लागला आणि थांबेचना. रक्त आलं तरी थांबला नाही. तो गेला तेव्हा त्याचे केस, खपल्या आणि पांढरट कोंडा माझ्या भेगांत अडकून राहिला होता.

दुसऱ्या दिवशी मादी पिल्लांना घेऊन नेहमीसारखी आली आणि त्याच जागी घासून गेली.

त्या कोंड्यात काय होतं ते मला दिसत नव्हतं. खाज मात्र मी ओळखायला शिकलो. आधी मादी संध्याकाळी यायची, मग सकाळीही, मग भर दुपारी, उन्हाची पर्वा न करता. पिल्लं माती उकरेनाशी झाली, नुसतीच खाजवायची. आठाची सहा झाली. मग तीन. एक पिल्लू माझ्यापासून चार पावलांवर आडवं झालं ते उठलंच नाही.

त्याला खायला कोल्हा आला. खाऊन झाल्यावर त्यानंही माझ्यावर पाठ घासली. मला सरकता येत नव्हतं.

डिसेंबरच्या थंडीत एका सकाळी शेजारच्या शेतातला गोपाल धापा टाकत बाईंकडे आला. "बाई, मी आपल्या डोयानं पाह्यलं! कोल्हाच होता, पण अंगावर एक केस नाही. कातडी कशी भाजल्यावाणी. माणसाले पाहून पयतबी नाही. गावात लोक म्हणून राह्यले का हे काही चांगलं नाही."

"लोकांचं राहू दे," बाई म्हणाल्या. "जनावर आजारी असंल." बोलता बोलता त्या आपला कोपर खाजवत होत्या.

दोनच दिवसांनी नाल्यात ती मादी मेलेली सापडली. वनरक्षकानं येऊन पंचनामा केला. बाईंनी गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर नुजहत यांना बोलावून घेतलं. सडपातळ, हळू बोलणारी मुलगी. तिनं हातमोजे घातले, मादीच्या कानाची कातडी पात्यानं खरवडून काचेवर घेतली. मग उभी राहून आजूबाजूला पाहिलं आणि सरळ माझ्याकडे आली. माझ्या भेगेतलाही कोंडा तिनं खरवडून घेतला.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. फिरोजही होता, बाईंची स्कुटी घेऊन आलेला.

"खरजेचे किडे आहेत, काकू," नुजहत म्हणाली. "डोळ्यांना दिसत नाहीत, कातडीत बोगदे करून राहतात. मादीच्या अंगावर होते आणि या खांबावरही जिवंत सापडले."

"लाकडावर कसे जगतील?" बाईंनी विचारलं.

"थंडीत, ओलाव्यात दोनतीन आठवडेसुद्धा टिकू शकतात. एक जनावर येतं, ठेवून जातं. दुसरं येतं, घेऊन जातं. तुमचा हात दाखवा."

बाईंनी बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत बारीक लाल पुरळ.

फिरोजचा चेहरा उतरला. "म्हणजे जनावरं माह्या ऑइलच्या वासानं इथं येऊन राह्यली होती, मॅडम?"

"आली असतील. घासल्यानं थोडं बरं वाटतं त्यांना. तुम्हाला काय माहीत होतं?"

"माहीत नोतं," फिरोज म्हणाला. "पण लावलं तर मीच ना."

नुजहतनं बाईंना त्वचेच्या डॉक्टरला दाखवायला सांगितलं. "तुमचा पुरळ जाईल. जनावरांचं सांगता येत नाही, कोणाला लागेल, कोणाला नाही. हा खांब मात्र आजच उपटा आणि इथंच जाळा. कुठं नेऊ नका."

बाईंनी ते काम गोपालला सांगितलं आणि त्या त्वचेच्या डॉक्टरकडे यवतमाळला गेल्या. गोपालनं मला उपटलं, काटक्या गोळा केल्या, काडी खिशातून काढली. मग त्यानं मला बोटानं वाजवून पाहिलं. आतून मी टणक होतो.

त्यानं काडी परत खिशात ठेवली.

मला खांद्यावर घेऊन तो घरी आला तेव्हा त्याची बायको कौसल्या अंगण झाडत होती. "बाईनं जाळाले सांगतलं होतं ना?"

"असं सागाचं लाकूड कोणी जाळते का? आपल्या गोठ्याचा खांब सडला, तो कधी पडंल नेम नाही. वरून तासतो, झालं."

"डाक्टरीण काय म्हणे?"

"ते शिकलेल्याइचं काम. तू कायले घाबरतं?"

त्यानं वाकसानं मला तासलं. समोरची बाजू स्वच्छ, पिवळी निघाली. मागची बाजू कुडाला लागून येणार म्हणून त्यानं तशीच ठेवली. रोवताना मात्र खड्डा वाकडा झाला, मला फिरवून बसवावं लागलं आणि माझं तोंड उलट्या बाजूला झालं. कुडाकडे पिवळी बाजू, गोठ्याकडे काळी. तोवर अंधारलं होतं, गोपालच्या ते ध्यानातही आलं नाही.

इथं तीन बकऱ्या आहेत आणि परवा झालेली दोन पिल्लं. माझ्या भेगा भरलेल्या आहेत. ऑइलचा वास अजून गेलेला नाही.

वाचणाऱ्या माणसा, तू कधी या बाजूला आलास तर गोपालला एवढंच सांग, की खांबाला वाईट वाटणार नाही. मी उभा जळायला तयार आहे. त्याला म्हणावं, चूल पेटव, पाणी तापव, काही कर, पण माझी ही काळी बाजू राख होऊ दे.

कौसल्या आता धार काढायला बसली आहे. तिनं पाठ माझ्यावर टेकली. मोठी बकरी वळली, तिनं माझा वास घेतला आणि हळूच मान माझ्यावर घासली. एकदा. मग पुन्हा, जरा जोरात.