अर्थ नसलेले शब्द

शकरबेगिमने पहिला कागद घडाघडा वाचला. पाणी, भाकरी, आई, सफरचंद. तिच्या शाळेच्या वयात लढाई चालली होती, शाळेला टाळं होतं. अक्षरं ती पुढे मुलांच्या पुस्तकांतून शिकली. आता तिला डोंगरातल्या खोरोग शहराच्या दवाखान्यात औषधं देण्याचं काम शिकायचं होतं. त्या वर्गात तिला घ्यायचं की नाही, हे माझ्या चाचणीवर ठरणार होतं.

मी दुसरा कागद पुढे सरकवला.

"मेहरबान," ती म्हणाली.

कागदावर 'नेहरबोम' होतं. "नीट बघा, अपा," थोरल्या बहिणीला म्हणतात तसं मी म्हणाले.

"बघितलं. लिहिणाऱ्याचं चुकलंय."

"चुकलेलं नाही. या शब्दांना अर्थच नाही. मुद्दाम तसे केलेत."

ती मागे सरकली. "अर्थ नाही ते तोंडाने कशाला म्हणायचं, बाई? जादूटोणा आहे की काय?"

दारापाशी दुधाच्या चहात भाकरी बुडवत बसलेली तिची धाकटी जाऊ, सवसन, खिदळली. "म्हण की! घरात दिवसभर काय मोठं अर्थाचं बोलतेस?"

"तू तुझा चहा पी!"

"अपा," मी म्हणाले, "बाटल्यांवरची नावं तरी कुठे ओळखीची असतात? ओळखीचं समजून भलतीच गोळी दिलीत तर?"

तिचा चेहरा उतरला. कागद उलटा घालायला तिने हात पुढे केला. पहिला शब्द सरावाचा असतो, तेवढ्यापुरती समजावून सांगायची मुभा असते. दर गुरुवारी रबाबावर रंगणारी स्तवनं मी जन्मभर ऐकत आले आहे. त्यातले निम्मे जुने शब्द मला आजही कळत नाहीत, पण आमचा गवई एक अक्षर गाळत नाही. मनात मौलाचं नाव घेऊन म्हटलं, "गुरुवारी आपला गवई कसा अक्षराअक्षराला ठोका देतो? तसा द्या."

तिने गुडघ्यावर बोट आपटलं. "ने... हर... बोम."

मग पुढचा शब्द. अडली, मागे गेली, पुन्हा ठोका. सवसनच्या हातातली भाकरी हातातच राहिली. कागद संपेपर्यंत चहावर साय धरली होती, पण अंदाजाने शकरबेगिमने एकही शब्द उरकला नाही. मी शेरा लिहिला : वाचन हळू, पण खरं. वर्गात घ्यावं.

"नापास ना?" तिने विचारलं.

"सोमवारपासून या."

ती जावेकडे वळली. "ऐकलंस? सोमवारपासून गाईची धार तू काढायचीस."

"मी? ती तांबडी लाथ मारते!"

"मारायच्या आधी कान मागे घेते. तेवढं बघत जा."