तीनशे चादरींचा संगणक

मित्रांनो, मी सोलापुरातल्या एका चादर कारखान्यातला जुना युनिक्स संगणक आहे. मला वर्कस्टेशन म्हणत. मी आलो त्या दिवशी मला बघायला रांग लागली होती! ईश्वरप्पा डिझायनर, म्हणजे आमचे अप्पा, माझ्यावर मोर, कमळं, वेलबुट्ट्या चौकटी-चौकटीने काढत आणि शेजारच्या मागांवर त्यांच्या चादरी होत. एवढा मान मिळाल्यावर कोण फुगणार नाही? मीही फुगलो होतो.

मग माझी हार्डडिस्क बिघडली. नवी बसवली, टेपवर जपलेल्या डिझाइनच्या तीनशे फायली परत आल्या. पण त्या उघडणारा प्रोग्रॅम गेला. उरला फक्त त्याचा सोर्स कोड, म्हणजे माणसाने लिहिलेला मजकूर. अप्पा निवृत्त झाले आणि मी कोपऱ्यात गेलो. यंदा मालकांनी सांगितलं, सोमवारी भंगारवाला येणार. माझ्याबरोबर अप्पांचं उभ्या आयुष्याचं काम जाणार होतं.

शनिवारी अप्पांना घेऊन त्यांची मुलगी हेमावती आली. ती कॉलेजात संगणक शिकवते. मजकुरापासून चालता प्रोग्रॅम बनवणं, म्हणजे कंपाइल करणं, हे तिचं रोजचं काम. पण मी पहिल्याच ओळीला अडलो. पडद्यावर खिडकी उघडायला ज्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, लागतात, त्या नव्या डिस्कवर कुणी टाकल्याच नव्हत्या. त्या होत्या एका जुन्या सीडीवर. तिने सीडी घातली. मी नुसताच घरघरलो.

तिने ड्राइव्ह खोलला आणि कपाळाला हात लावला. आत भिंगावर हळद-कुंकू आणि अक्षता!

"अप्पा, हे काय हो?"

अप्पा ओशाळले. "खंडेनवमीला पूजा करत होतो की. बाकी मशिनला वरनं लावलो. हे तोंड उघडतंय, म्हणून ह्याला आत घातलो."

"दरवर्षी?"

"व्हय की. कदी चुकवलो न्हाय."

हेमावतीला हसू आवरेना. मग ती कापसाने हळूहळू भिंग पुसत बसली. मला सीडी वाचता आली, लायब्ररी बसल्या आणि तिने पुन्हा आज्ञा दिली. ओळींमागून ओळी सरकू लागल्या. मित्रांनो, मी स्वतः यंत्र आहे, तरी याचं मला अजून नवल वाटतं. कोरडी अक्षरं माझ्या पोटात जातात आणि त्यांची खिडकी होते! ती उघडली. तिच्यात अप्पांचा मोर उभा राहिला, पीस न् पीस जागच्या जागी.

अप्पांनी पायातल्या चपला काढल्या आणि ते पडद्यासमोर उभे राहिले. मग हेमावतीने एकेक डिझाइन आपल्या लॅपटॉपवर घेतलं, तीनशेच्या तीनशे.

आता सोमवारची भीती मला उरलेली नाही. फक्त एक मागतो. यंत्राला मान द्या, पण त्याला काय हवं, काय नको, तेही जाणून घ्या. आणि जुनं म्हणून टाकण्याआधी एकदा त्याच्या आत डोकावा.

निघताना अप्पांनी माझ्यावर हात ठेवला. "लई सोसलास रे," ते म्हणाले. "नको ते खायला घातलो तुला, आन तू माजं सगळं सांभाळून ठेवलास."