सुनेच्या अंगातले दाणे

माझ्या स्वयंपाकघरात हात धुतल्याशिवाय कुणाची पाऊल टाकायची टाप नाही. सुनेची नखं मी बारा वर्षं तपासत आले आणि ती बारा वर्षं तोंड वाकडं करत आली.

महिनाभर ती डोकं दुखतंय म्हणायची. मी म्हणायचे, "भांडी दिसली की बरं दुखतं!" ते बोलणं मला अजून टोचतं. कारण एक दिवस ती भांड्यांपाशीच फिट येऊन कोसळली.

डोक्याचा फोटो काढला. मेंदूभर ठिपके. पहिला डॉक्टर खाली मान घालून म्हणाला, "पसरलेलं दिसतंय." कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण सगळ्यांनी ऐकला. माझा मुलगा दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसला.

फोटो तपासणारी डॉक्टरीण पोरसवदा होती. तिला मी सांगितलं, "हिला तेल चोळताना दंडाला, पाठीला गाठी लागतात. तांदळाएवढ्या. दुखत नाहीत, बोटाखाली सरकतात."

ती ताडकन उठली. गाठी चाचपल्या, मांड्यांचा एक्स-रे काढला. तांदूळ उधळावेत तसे पांढरे दाणे, सगळे एकाच दिशेने! मग मेंदूतला एक ठिपका मोठा करून दाखवला. पाण्याचा फुगा, आत टिंब.

"हे अळीचं डोकं. कॅन्सर नाही, आजी. जंतांच्या गाठी आहेत, अंगभर. वेळ लागेल, पण औषध आहे."

मुलगा हसता हसता रडला. मी मात्र फणकारले, "जंत? माझ्या घरात?"

"कुणाच्या तरी पोटात मोठा जंत असणार. त्याची अंडी हातावाटे जेवणात जातात. सगळ्यांची शौचाची तपासणी करा."

सगळे सुटले. सापडले मी! डुकराचं मांस अर्धकच्चं असतानाच तुकडा तोंडात टाकून मीठ बघायची माझी जुनी खोड; जंत त्यातूनच पोटात आलेला. त्या भांड्याला मी दुसऱ्याचा हात लागू देत नसे.

खाटेशी बसून सुनेला मीच सांगितलं. ती टकामका बघत राहिली आणि मग एवढी हसली, की पुन्हा फिट आली समजून नर्स धावली.

"आई, आणि नखं माझी बघत होतात!"

मी गोळी घेतली. तिची औषधं कितीतरी महिने चालली. फिट थांबल्या, ठिपके आटले. परवा मी स्वयंपाकघरात शिरत होते, तर सून दारात आडवी उभी.

"थांबा. हात दाखवा."

दाखवले. उलटेसुलटे, नखांसकट.

"साबण?"

"दोनदा लावलाय, बाई."

"आणि आजपासून मीठ मी बघणार."

"बघ की," मी म्हटलं, "पण शिजल्यावर!"