बाजूची सीट

विमा कंपनीचा माणूस मी गॅरेजात बनवलेल्या विमानाकडे असा बघत होता, जणू ते कुणाच्या अंगणातून ढापून आणलंय.

"ताई, अट साधी आहे. पहिली उड्डाणं अनुभवी पायलटनं केली, तर विमानाचाही विमा देऊ. तुम्ही केलीत, तर फक्त खाली कुणाचं नुकसान झालं तर त्याचा."

"मग तेवढाच द्या."

"अहो, आपटलं तर काही मिळणार नाही!"

"माझं मी बघून घेईन."

माझा थोरला भाऊ लगेच पुढे सरसावला. आयुष्यभर पायलटची नोकरी केलेला. "अगं, मी उडवतो ना! हट्ट कशाला करतेस?"

हट्ट? या गॅरेजात हाडाची काडं मी केली. बोल्ट घट्ट केला की त्याच्यावरून लाल नेलपॉलिशची रेघ ओढायची, रेघ तुटली की बोल्ट सैल झालाय हे कळतं. बाटल्याच्या बाटल्या संपल्या, नखांना कधी थेंब लागला नाही. घरी बनवलेल्या विमानात निम्म्याहून जास्त काम स्वतःचं हवं, असा नियम. तपासायला आलेल्या साहेबांनी "कुणी बनवलं?" विचारलं आणि बघितलं कुणाकडे, तर दादाकडे! यानं इथं नुसता चहा ढोसलाय. मी एकेक रेघ दाखवली, तेव्हा कुठे परवानगी माझ्या नावानं निघाली. उडवायचा परवानाही आहे माझ्याकडे.

"नाही दादा. मीच उडवणार."

ते दोघं गेल्यावर आमचे हे म्हणाले, "विमान गेलं खड्ड्यात. तुझं काय? मी बाजूला बसणार."

बाजूची सीट यांनी स्वतःसाठी शिवलेली.

"चाचणी संपेपर्यंत एकट्यानंच बसायचं. नियम आहे."

"सगळ्यांना उलटून बोलतेस, आणि मला नियम सांगतेस?"

"सांगते! मी उडवू नये असा नियम कुठेच नाही, ती या लोकांची भीती आहे. पण हा नियम आहे, आणि तो मी मोडणार नाही. तुम्हाला घेऊन तर मुळीच नाही."

यांनी पाना घेतला आणि स्वतःच्या हातानं ती सीट काढली.

सकाळी धावपट्टीवर मी पट्टा आवळला. यांनी खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली, माझा अंगठा धरला आणि नखावर एक लाल रेघ ओढली.

"घट्ट आहे, तपासलंय मी," ते म्हणाले. "अशीच परत ये. सीट लगेच बसवायचीय."

मी इंजिन सुरू केलं.