इडेलाच्या झरोक्यांची जाळी

आमच्या डोंगरावरची बरीच घरं आतून जळतात. वारा निखारे उडवत आणतो, ते छपराखालच्या झरोक्यांतून पोटमाळ्यात शिरतात आणि मग काही हाती लागत नाही. म्हणून उन्हाळ्याच्या सुरुवातीला मी शेजारच्या इडेलाच्या घराला शिडी लावली, पन्हळींतला पाइनचा वाळका पाला उपसला आणि सगळ्या झरोक्यांवर बारीक पोलादी जाळी स्क्रूनं बसवली. इडेला खाली खुर्चीत बसून हुकूम सोडत होती. जाळीच्या कडा तिनं स्वतः हिरव्या रंगवल्या, खिडक्यांना शोभाव्यात म्हणून.

सप्टेंबरात ती पडली, खुब्याचं हाड मोडलं. ती शहरातल्या इस्पितळात असतानाच कॅलिफोर्नियातला आमचा हा डोंगर पेटला. घरं सोडा म्हणून हुकूम निघाला. गल्लीच्या आग-समितीचा अध्यक्ष वेंडेल म्हणाला, "तुम्ही निघा. मी सगळ्यांच्या घरांवरून एक नजर टाकून येतो."

परतलो तेव्हा इडेलाच्या घराचं नुसतं धुराडं उरलं होतं. अंगणातली झाडं हिरवीगार. आग झरोक्यांतून शिरली, असं अग्निशमनवाले म्हणाले. मला ते पटेना. जाळी मीच तर बसवली होती.

वेंडेलचं घर शाबूत होतं. त्याच्या अंगणात कॉफी वाटत होते, लोक त्याची पाठ थोपटत होते. मी सहज वर पाहिलं. त्याच्या झरोक्यांवर हिरव्या कडांची जाळी.

हातातली कॉफी मी गवतात ओतली आणि त्याला बाजूला घेतलं.

"ही जाळी कुणाची, वेंडेल?"

"हळू बोल ना. तिच्या घरात कुणी नव्हतं. माझ्या घरात चार माणसं राहतात."

"तेव्हा तुझंही रिकामंच होतं."

"माझ्याकडे जाळी आणून ठेवायची राहून गेली होती. तू असतीस तर काय केलं असतंस?"

बोलता बोलता त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. ऊबदार, ओलसर हात. घरी जाऊन मी अंगातला शर्ट धुतला, मग फेकूनच दिला.

इडेलाला सांगावं की नाही, याचा विचार करण्यात बरेच दिवस गेले. शेवटी सांगितलं. ती भाचीकडे राहत होती.

"जाळी असती तर वाचलं असतं?" तिनं विचारलं.

"कदाचित."

"मला तिकडे घेऊन चल."

वॉकर टेकत ती वेंडेलच्या दारात उभी राहिली. तो ताटलीत सफरचंदाचा केक घेऊन बाहेर आला, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "इडेला, काय झालं गं हे तुझं."

"ताटली ठेव आणि शिडी आण," ती म्हणाली. "माझी जाळी काढून दे."

"आत्ता? अजून आगीचे दिवस आहेत..."

"आत्ता."

त्याची बायको दारातून बघत होती. तिला ठाऊक नसावं, कारण तिचा चेहरा पांढरा पडला. वेंडेलनं एकेक जाळी उतरवली. शेवटची देताना पुटपुटला, "तुला नवी आणून देणार होतो."

इडेलानं ती माझ्याकडे दिली आणि गाडीकडे वळली. वाटेत कचऱ्याच्या डब्यापाशी तिनं गाडी थांबवायला लावली. "टाक," म्हणाली, आणि ओल्या कागदी रुमालानं बोटं पुसत बसली.

वेंडेल अजून अध्यक्ष आहे. भेटला की हात पुढे करतो. मी माझे खिशात ठेवते.