बाबा फोनवर आले तेव्हा

सणाच्या दिवशी आमच्या तळावर सगळे शहाण्यासारखे वागतात. दाढ्या होतात, आचारी कधी नव्हे ते सढळ हाताने साखर घालतो आणि जेवणाआधी घरच्या फोनसाठी रांग लागते. फोनशेजारी कानाला हेडफोन लावून, आम्ही ज्याला कात्री म्हणतो, तो बसतो. हा माझा जिवलग. कुणी बोलता बोलता जागा, हवामान, हालचाल यातलं काही ओकलं की बटण दाबून लाइन तोडायची, हे त्याचं काम. साहेबांच्या सासूलाही त्याने सोडलेलं नाही. घरच्यांना मात्र हे कळता कामा नये. त्यांना सांगायचं, लाइन खराब आहे.

त्या दिवशी रांगेत मीही होतो. बाबा शिंपी. दुकान सोडून मी फौजेत आलो, तेव्हापासून त्यांनी अबोला धरलेला. पण आई म्हणाली होती, "सणाला फोन कर. या वेळी बोलतील. मी मागेच लागलेय त्यांच्या."

आई बोलली, ताई बोलली, भाची नुसतीच किंचाळली. मग कुणीतरी खाकरलं.

"कसा आहेस?"

बाबा! "बराय. तुम्ही?"

"ठीक. कपडे नीट देतात का रे? आत अस्तर-बिस्तर आहे, की नुसतंच कापड?"

शिंपी तो शिंपीच. मला हसू आलं, रडूही आलं, खोटं कशाला बोलू? आणि त्या भरात बोलून गेलो, "अस्तर आहे बाबा, पण इथल्या बर्फात..."

खट्ट.

कात्रीने मान खाली घातली. मी शिवी द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. मागे रांग खोळंबली होती, मी बाजूला झालो. जेवायला आम्ही दोघं शेजारीच बसलो. गोडाला कुणीच हात लावला नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा नंबर लागला.

"आई, बाबांना दे."

"नाही येत ते."

"अगं, लाइन तुटली होती."

"तेच सांगितलं मी." आई म्हणाली. "तर म्हणाले, तुम्हा सगळ्यांशी बोलला तेव्हा नाही तुटली. माझ्याच वेळी बरी तुटली."

मी कात्रीकडे पाहिलं. त्याने बटणावरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. सांग म्हणत होता. सांगितलं असतं तर त्याची नोकरी गेली असती.

"बरं," मी म्हटलं. "तू जेवलीस का?"